फुलेवाडीच्या दोन खोल्या आणि आक्काताईचा हक्क

मी, शालन पिराजी कुरणे, वय वर्षे ७१, धर्म बौद्ध, व्यवसाय पोळी-भाकरी केंद्र, राहणार फुलेवाडी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डोळ्यांना चष्मा आहे, साखर थोडी वाढलेली आहे, बाकी तक्रार नाही. हे लिहिण्यासाठी मला कोणी धाक दाखवलेला नाही की फूस लावलेली नाही. लिहिते आहे ती राजीखुशीने, आणि खरे सांगायचे तर बऱ्याच लोकांचे आभार मानायचे राहून गेले आहेत म्हणूनही.

माझ्या अंगठ्याचा ठसा नीट उमटत नाही. त्यावरून पुढे कोणी शंका काढू नये म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी चौदा वर्षे काजू कारखान्यात काजू फोडले. काजूच्या टरफलात तेल असते, ते कातडी जाळते. कातडी जळते, निघते, नवी येते, तीही जळते. असे होता होता बोटांवरच्या रेघा पुसल्या गेल्या. मी सही करते, ती सही खरी मानावी.

माझे वारस असे : एकुलता एक मुलगा विश्वजित, वय ४२, नोकरीनिमित्त पुण्यात. त्याची पत्नी अनुजा. त्यांची मुलगी साक्षी, इयत्ता नववी. माझे पती पिराजी सन १९८८ मध्ये काविळीने वारले.

याखेरीज माझ्या घरात आक्काताई सयाजी देसाई, वय ७५, या गेली तीस वर्षे राहतात. कागदोपत्री त्या माझ्या कोणी लागत नाहीत. जात वेगळी, गाव वेगळे, माहेर-सासर वेगळे. हे मृत्युपत्र मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. म्हणून मिळकतीची वाटणी लिहिण्याआधी त्यांचा-माझा संबंध कसा जुळला ते लिहिणे मला आवश्यक वाटते. माझ्या वकील तेजस्वी म्हणाल्या, “मावशी, कोर्टाला एवढं लागत नाही.” मी म्हटले, कोर्टाला नसेल लागत, माझ्या नातीला लागेल.

माझा जन्म नेसरीचा. सातवीपर्यंत शिकले. लग्न होऊन आजऱ्याकडे आले आणि पतीच्या मागोमाग तिथल्या एका काजू कारखान्यात कामाला लागले. कारखान्याचे आणि मालकांचे पूर्ण नाव लिहीत नाही. त्यांना सगळे भाऊसो म्हणत, मीही तेवढेच म्हणेन. त्यांची नातवंडे चांगली निघाली असे ऐकते, त्यांना कशाला त्रास.

आम्ही त्रेसष्ट बायका होतो. मराठ्यांच्या बायका दाराजवळ उजेडात बसायच्या, आम्ही बौद्ध वस्तीतल्या मागे बॉयलरच्या बाजूला, धगीत. हे कोणी लिहून लावलेले नव्हते. आत शिरले की पाय आपोआप तिकडे वळायचे. हातमोजे नव्हते. हाताला राख चोळायची आणि बसायचे. संडास नव्हता, मागच्या ओढ्याला जावे लागे, तेही दोघी-तिघी मिळून.

सन १९९४ च्या फेब्रुवारीत आमच्यातली शेवंता बाळंतपणाचा महिनाही भरला नसताना कामावर आली. न येऊन सांगते कोणाला. जागा गेली असती. दुपारच्या सुट्टीत तिची सासू पोराला पाजायला घेऊन यायची. शेवंता हात धुवायची, पण ते तेल पाण्याने जात नाही. एके दिवशी पोराच्या गालावर तिच्या बोटांएवढे तीन चट्टे उठले. दुसऱ्या दिवशी ते काळे पडले. ती पोराला घेऊन भाऊसोंच्या टेबलापुढे उभी राहिली. मी तिच्या सोबत होते. भाऊसोंनी बघितले, आणि ते वाईटपणाने नाही, अगदी साधेपणाने म्हणाले, “मग पोराला हात लावत जाऊ नको.”

तेवढे एक वाक्य. मी जाऊन माझ्या जागेवर बसले, काजू हातात घेतला आणि मला तो फोडता येईना. मी उठले. का उठले हे आजही नीट सांगता येत नाही. माझ्या बाजूची उठली, तिच्या बाजूची उठली. दाराजवळच्या बायका मागे वळून बघू लागल्या. त्यात एक उंच, खणखणीत आवाजाची बाई होती. ती म्हणाली, “काय झालंय ते सांगा तरी, मीबी उठतो.” त्या आक्काताई देसाई. तोवर आम्ही दोघी एका छपराखाली नऊ वर्षे काम करत होतो आणि एकमेकींशी नऊ वाक्ये बोललो नव्हतो.

संप म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक नव्हते. गडहिंग्लजहून कामगार संघटनेचे कॉम्रेड गुंडू आले, लाल डब्याच्या गाडीने, खांद्याला पिशवी लावून. आता ते हयात नाहीत. त्यांनी मला मागण्यांचा कागद लिहायला बसवले, कारण सातवी पास मी एकटीच. मी पहिल्या ओळीत लिहिले, “कृपा करून आम्हांस हातमोजे द्यावेत.” त्यांनी ‘कृपा करून’ वर काट मारली. म्हणाले, “कृपा देवाकडं मागायची असली तर माग. हितं हक्क मागायचा.” मी कागद पुन्हा लिहिला. हातमोजे, संडास, बाळंतपणाची रजा, लेकरांसाठी एक सावलीची खोली. चारच मागण्या. त्या दिवसापासून आजतागायत मी कोणत्याही अर्जात ‘कृपा’ शब्द वापरलेला नाही. त्यामुळे माझे काही अर्ज फेटाळलेही गेले. हरकत नाही. कॉम्रेड गुंडूंचे माझ्यावर फार उपकार आहेत.

पण इथे एक गोष्ट लपवली तर हे लिहिणे खोटे ठरेल. कारखान्याच्या फाटकासमोर आम्ही मांडव घातला. वर लाल झेंडा, खाली सतरंजी, आणि कोपऱ्यात पाण्याच्या दोन घागरी. एक त्यांची, एक आमची. मालकाच्या विरुद्ध एकत्र बसलेलो आम्ही, आणि पाणी दोन. मी कॉम्रेडना बाजूला घेऊन विचारले. ते म्हणाले, “आत्ता तो इषय काडू नको शालन. बायका फुटतील. आदी संप जिंकू, मग पाणी बघू.” मला ते पटले नाही, पण मी गप्प बसले. सव्वीस दिवस गप्प बसले. मालकाची ताकद पोलिसांत नव्हती, पैशातही तेवढी नव्हती. ती त्या दोन घागरींत होती, आणि त्या आम्हीच रोज भरून आणत होतो. हे आज कळते.

भाऊसोंना मात्र ते आमच्याआधी कळले होते. सत्ताविसाव्या दिवशी त्यांनी फक्त मराठ्यांच्या बायकांना देवळाच्या मांडवात बोलावले. मी तिथे नव्हते. जे झाले ते मला तिघींनी वेगवेगळे सांगितले आणि तिन्ही एकमेकींना जुळले, म्हणून लिहिते. भाऊसो म्हणाले, “तुम्ही आपल्या घरातल्या बायका. उद्यापास्नं कामावर या, हातमोजं देतो, दाराकडची जागा तुमचीच. त्या बॉयलरकडच्या वीस जणींचं मी बघतो. त्यांनीच तुम्हांस्नी नादाला लावलंय.”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. घरात महिनाभर चूल धड पेटलेली नव्हती, त्यांना मी दोष देत नाही. तेव्हा आक्काताई उठल्या. “भाऊसो,” त्या म्हणाल्या, “त्येल काय जात इचारून भाजतंय व्हय? आणि हातमोजं काय दोन जातीचं निगाल्याती?”

भाऊसो म्हणाले, “आक्काताई, सयाजीरावांच्या घराण्याची तू. शोभतं का तुला?”

“सयाजी साप चावून मेला तवा घराण्यानं मला हितं काजू फोडाय धाडलं. शोभतंय की.”

एवढे बोलून त्या निघाल्या, सरळ आमच्या मांडवात आल्या. उन्हाने तोंड लाल झालेले. सतरंजीवर मांडी घातली आणि मला म्हणाल्या, “शालन, पाणी दे.”

मी त्यांच्या घागरीकडे वळले.

“त्यातलं न्हवं. तुज्यातलं.”

मी आमच्या घागरीतून तांब्या भरला. अर्धे पाणी तांब्याबाहेर सांडले. त्यांनी तांब्या तोंडाला लावून, सगळ्यांच्या देखत, शेवटपर्यंत रिकामा केला. मग पदराने तोंड पुसले आणि मागून येऊन उभ्या राहिलेल्या आपल्या बायकांना म्हणाल्या, “तान लागली आसंल तर प्या. न्हायतर घरला जावा. पर ह्या मांडवात आता घागर एकच ऱ्हाईल.” आणि दुसरी घागर स्वतः उचलून लेकराबाळांचे हातपाय धुवायला ओतून टाकली.

सगळ्या प्यायल्या असे लिहायला मला आवडले असते. आक्काताई धरून अकरा जणी प्यायल्या. सात जणी पाणी न पिता, पण मांडवातच बसून राहिल्या. बाकीच्या निघून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या. त्रेसष्टमधल्या अडतीस उरलो. कॉम्रेड गुंडू घागरीजवळ आले, पाणी प्यायले, आणि माझ्यापुढे हात जोडून म्हणाले, “चुकलो शालन. ही मागणी पैली लिवायची होती.” पुरुष माणसाने चूक कबूल केलेली मी आयुष्यात तीनदा पाहिली. त्यातली ही पहिली.

अडतीस जणींनी आणखी चौदा दिवस काढले. एक्केचाळिसाव्या दिवशी भाऊसोंनी सही केली. हातमोजे आले. संडास बांधला गेला. बाळंतपणाची रजा मिळाली, मागितली त्याच्या निम्मी. पाळण्याची खोली झाली, आणि तिच्यात पहिला झोपला तो शेवंताचा मुलगा. तो आता आजऱ्यात रिक्षा चालवतो. डाग त्याच्या गालावर आहेत, दाढीत झाकले जातात. बॉयलरजवळ कोण बसणार हे त्यानंतर आठवड्याच्या पाळीने ठरू लागले. हे आम्ही मागितलेही नव्हते, बायकांनी आपसांत ठरवले.

फक्त आम्हा दोघींना कामावर परत घेतले नाही. आसपासच्या दुसऱ्या कारखान्यांतही दार बंद झाले. आणि आक्काताईंच्या दिराने त्यांची ट्रंक अंगणात आणून ठेवली. “जिथं पाणी पिलीस तिथंच जेव जा,” म्हणाला.

त्या ट्रंक डोक्यावर घेऊन माझ्या दारात आल्या. मी दार उघडले तर म्हणतात, “पावणं आल्याती म्हण की.” हसत होत्या. डोळे सुजलेले होते. आमच्या वस्तीतही सगळ्यांना ते आवडले नाही. मराठ्यांची बाई ठेवून घेतलीस, उद्या गाव अंगावर येईल, असे मला सांगायला माझ्याच भावकीतले चौघे आले होते. त्यांची भीती खोटी नव्हती. पण मी म्हटले, ती माझी पाहुणी आहे, आणि पाहुण्याला मी जा म्हणणार नाही. पुढच्या वर्षी जूनमध्ये विश्वजितची शाळा बघून आम्ही तिघे कोल्हापूरला आलो. हे झाले संबंधाचे. आता वाटणी.

कलम एक. फुलेवाडी येथील दोन खोल्यांचे घर, पुढचे अंगण व मागची मोरी यांसह, ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. वडिलोपार्जित एक वीटही तिच्यात नाही. ‘स्वकष्टार्जित’ हा शब्द कायद्याचा आहे, तो इथे अपुरा पडतो. हे घर भाकरीवर उभे राहिले आणि त्या भाकऱ्या थापणारे हात चार होते. घर नावावर करताना आक्काने आपले नाव लावू दिले नाही. “माजं नाव आलं तर दीर वाटणी मागाय ईल,” म्हणाली. (पुढे मी तिला आक्काच म्हणेन, अहो-जाहो लिहिताना हात अडतो.) ते तेव्हा शहाणपणाचे होते. आज त्याच शहाणपणामुळे मी गेल्यावर तिला या घरात कागदाचा आधार राहत नाही.

म्हणून : माझ्या पश्चात सदर घरात राहण्याचा, ते वापरण्याचा व त्यांना योग्य वाटेल त्याला त्यात ठेवून घेण्याचा तहहयात हक्क आक्काताई सयाजी देसाई यांचा राहील. त्या हयात असेतो हे घर कोणी विकू नये, गहाण टाकू नये, भाड्याने देऊ नये, व त्यांना “थोडे दिवस दुसरीकडे राहा” असेही म्हणू नये. त्यांच्या पश्चात घर संपूर्णपणे विश्वजितच्या मालकीचे होईल. मी मुलाला डावलत नाही. त्याला रांगेत एका माणसाच्या मागे उभे करत आहे, इतकेच.

हे लिहिण्याची वेळ का आली तेही नोंदवते. गेल्या मे महिन्यात विश्वजित सहकुटुंब आला होता. जेवताना म्हणाला, “आई, आता तू पुण्याला चल. हे घर विकून टाकू.” त्याला माझी काळजी होती, मला ठाऊक आहे. मी विचारले, “आणि आक्का?”

तो म्हणाला, “तिचे पुतणे आहेत की गावाकडं. शेवटी ती आपली कोण?”

आक्का आत तव्यापाशी होती. भाकरी थापल्याचा आवाज थांबला, आणि मग पुन्हा सुरू झाला. तिने गरम भाकरी आणून त्याच्या ताटात वाढली. अनुजाने ताटावरून हात काढून घेतला. ती पुढे जेवली नाही.

ते पुण्याला गेल्यावर मी बघते तर आक्का ट्रंक उघडून बसलेली. लुगडी घडी करून ठेवत होती. मी म्हटले, “काय चाललंय?” तर म्हणाली, “पोरगं खोटं काय बोललं? मी हाय कोण?”

विश्वजित, हे तुझ्यासाठी लिहिते. तू सहावीत असताना शाळेत पालकांची सभा होती. मी डबे पोचवत होते, आक्का गेली. तुझ्या बाईंनी विचारले, आपण मुलाच्या कोण? ती म्हणाली, “मावशी.” बाईंनी तुझे आडनाव बघितले, तिचे आडनाव विचारले, आणि जरा घोटाळल्या. म्हणाल्या, सख्ख्या का? आक्का म्हणाली, “सख्ख्यापेक्षा जवळची असती का कोण? आसंल तर ती लिवा.” तू बाकावर बसून हे ऐकत होतास, आणि घरी येऊन तूच मला हसत हसत सांगितलेस. विसरला असशील. माणूस विसरतो. मी तुझ्यावर रागावलेली नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि सकाळी मी तेजस्वींना फोन केला.

पुढे काय झाले तेही न्यायाने लिहायला हवे. या मृत्युपत्राचा कच्चा मसुदा मी विश्वजितला पाठवला. आठ दिवस त्याचा फोन नाही. नवव्या दिवशी तो एकटाच आला. आक्काने विचारले, “जेवलास का?” त्याने मान हलवली. माफी वगैरे त्याने मागितली नाही, आमच्याकडे ती पद्धत नाही. दुपारी बाजारात गेला, एक स्टीलची दांडी घेऊन आला आणि मोरीच्या भिंतीला भोके पाडून ती बसवली. “आक्काला उठताना धरायला,” म्हणाला. जाताना या घराबाबत आपली हरकत नसल्याचे स्वतःच्या हाताने लिहून दिले. तो कागद सोबत जोडला आहे. तेजस्वींच्या मते कायद्याने त्याची गरज नव्हती. मला होती.

कलम दोन. बँकेतील माझी शिल्लक विश्वजित व आक्का यांना निम्मी-निम्मी. किती आहे ते पासबुकात आहे, इथे लिहून जागा घालवत नाही. माझी एकमेव सोन्याची वस्तू, कानातली फुले, अनुजाला. त्या दिवशी तिने ताटावरून हात काढला, ते मी पाहिले.

कलम तीन. पोळी-भाकरी केंद्राची पीठ मळायची काथवट, तीन मोठे तवे, गॅसच्या दोन शेगड्या, डब्यांचे रॅक व गिऱ्हाइकांची यादी पूर्णिमा हिला. पूर्णिमा आमच्याकडे बारा वर्षे काम करते आहे आणि तिची भाकरी माझ्यापेक्षा चांगली फुगते, हे मी तिला आजवर सांगितलेले नाही. अटी दोन. केंद्रातल्या सर्व बायका मिळून कामाच्या वेळा ठरवतील, एकटी पूर्णिमा नाही. आणि कोणाही बाईचे मूल सोबत आले तर त्याला जागा द्यायची. चहाचे कप सगळ्यांचे सारखे आहेत, तसेच ठेवावेत.

कलम चार. कागदपत्रे व फोटो. माझ्याकडे संपाचे कागद, मागण्यांची पहिली प्रत (‘कृपा’ खोडलेली) आणि शेवटच्या दिवशीचा एक फोटो आहे. हे सगळे कामगार संघटनेला द्यावे. इथे एक जुना हिशेब मिटवायचा आहे. संघटनेच्या कचेरीत हाच फोटो भिंतीवर होता, पण कडा कापून. मधे कॉम्रेड गुंडू, आजूबाजूला दोन पुढारी, आणि खाली लिहिलेले : ‘काजू कामगारांच्या लढ्याचे नेते’. त्या दोन पुढाऱ्यांतला एक तर सह्यांच्या दिवशी पहिल्यांदाच आला होता. अडतीस बायका कात्रीत गेल्या. मी दोन अधिवेशनांत हे बोलले. पहिल्यांदा मला सांगितले, वेळ संपली. दुसऱ्यांदा विचारले, चहाचं बघता का जरा?

संघटनेबद्दल मला राग नाही असे मी म्हणणार नाही. पण संघटना नसती तर मी आज अर्ज लिहिणारी बाई नसते, अंगठा उठवणारी असते, आणि अंगठाही उमटला नसता. सात वर्षांपूर्वी रेशनच्या मशीनने आमच्या म्हाताऱ्या कामगार बायकांचे ठसे घेणे बंद केले, बोटे पुसलेली म्हणून. तेव्हा संघटनेचीच तरुण पोरे मोटारसायकलींवर एकेकीला मागे बसवून अधिकाऱ्यांकडे घेऊन गेली. अकरा जणींनी टेबलावर हात पालथे नाही, उताणे ठेवले. त्या तरुण अधिकारी बाईंनी प्रत्येकीचे बोट हातात धरून बघितले, आणि संध्याकाळच्या आत ठशाशिवाय धान्य देण्याची नोंद करून दिली. त्यांचेही आभार, त्यांची बदली झाली, नाव माझ्या लक्षात राहिले नाही.

तर फोटो पूर्ण द्यावा, कापू नये, आणि खाली अडतीस नावे लिहावीत. यादी पाकिटात आहे. ज्या मधूनच कामावर परतल्या त्या पंचवीस जणींचीही नावे वेगळ्या ओळीत लिहावीत. त्याही पहिल्या दिवशी उठल्या होत्या. तेही सोपे नव्हते.

कलम पाच. राग. आक्काच्या दिराला मी माफ केलेले नाही. तो वारला, तेव्हा आक्का मातीला गेली, मी गेले नाही. तिचे मन मोठे आहे, माझे तेवढे नाही, आणि मृत्युपत्रात खोटे लिहू नये. भाऊसोंबद्दल मात्र राग कधीच गेला. संपानंतर दहा वर्षांनी ते कोल्हापुरात दवाखान्यात होते. आमचे डबे त्या दवाखान्यात जात. एका खोलीत मी डबा ठेवायला गेले तर ते. त्यांनी मला ओळखले. म्हणाले, “त्या पोराचं गाल बरं झालं का गं?” मी म्हटले, “डाग हाईत.” ते म्हणाले, “माझ्याबी ध्यानात हाईत.” चूक कबूल करणारा हा मला भेटलेला दुसरा माणूस. तिसरा माझा मुलगा. त्याने ती दांडीने केली.

कलम सहा. माझे अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधे, पंचगंगेच्या घाटावर करावेत. वंदना साक्षीने म्हणावी, तिला पाठ आहे. भाषणे नकोत. त्या दिवशी केंद्राचे डबे थांबवू नयेत. वसतिगृहातली पोरे उपाशी राहतील आणि मला शिव्या देतील. आक्काला घाटावर येऊ द्यावे, पुढे उभे करावे. तिथे कोणी “या कोण” असे विचारलेच तर उत्तर विश्वजितने द्यावे.

कलम सात. या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी व्यवस्थापक म्हणून मी ॲड. तेजस्वी यांना नेमते. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

एक गोष्ट आज घडली ती शेवटी लिहिते. सकाळी मी हे सगळे आक्काला वाचून दाखवले. तेजस्वीही बसल्या होत्या. आक्का डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “सगळं बरूबर हाय. पर माज्या आदी तू जाणार ह्ये कुणी ठरिवलं? मी चार वर्सांनी थोरली हाय की.”

मी कागद खाली ठेवला.

“मग माजंबी लिवून घ्या,” ती तेजस्वींना म्हणाली.

तेजस्वींनी वेगळा कागद घेतला. विचारले, “आजी, तुमच्या नावावर काय काय आहे?”

आक्का म्हणाली, “नावावर काय न्हाय बघ. पर लिव. विश्वाच्या नावानं लिव.”

“काय लिहू?”

“लिव, मी गेल्यावर शालनला एकटीनं जेवाय लावू नगंस.”

तेजस्वींनी ते तसेच, तिच्या शब्दांत लिहिले. खाली आक्काने सही केली, सावकाश, ‘देसाई’ मधल्या ‘ई’ला नेहमीसारखी अडखळत. तो कागद माझ्या मृत्युपत्राचा भाग नाही आणि त्यात कोणतीही मिळकत नाही. पण दोन्ही कागद विश्वजितला एकाच पाकिटात द्यावेत, ही माझी इच्छा आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि खालील दोन साक्षीदारांच्या समोर त्यावर सही केली. त्यांनीही माझ्या समोर सह्या केल्या. या मृत्युपत्राने ज्यांना काही मिळते त्यांपैकी कोणीही साक्षीदार नाही.

लिहून ठेवणार :
(सही) शालन पिराजी कुरणे

साक्षीदार :
१. (सही) ऋतुराज बाळासो चौगुले, शेजारी, फुलेवाडी
२. (सही) निशिगंधा आप्पासो माने, निवृत्त परिचारिका, फुलेवाडी

ठिकाण : कोल्हापूर
दिनांक : १२ सप्टेंबर २०२५